मुंढ्याकडून घेतलेली बाही

माणसाची पारख कपड्यांवरून करू नये, असं आजवरच्या बहुतेक थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. सांगताना त्यांच्या अंगावर स्वतःच्या मापाचे कपडे होते, एवढं ध्यानात ठेवलं की या वचनाचं वजन नीट करता येतं.

धुरपताबाईंना मी एकदा हे वचन ऐकवलं होतं. ग्रंथालयात जन्म काढलेल्या माणसाला अशी खोड असते. त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं, दातानं दोरा तोडला आणि विचारलं, "सांगणाऱ्याच्या बाह्या कुठवर हुत्या, सर?"

हे पुस्तकात दिलेलं नसतं.

लातुरात गंजगोलाईच्या बाजारचौकामागच्या एका बोळात जुन्या कपड्यांचा बाजार भरायचा. दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका असतात ना, त्यांनी गोळा केलेला माल धुऊन, इस्त्री होऊन इथे यायचा. त्यातही एक रीत होती. लातूरचे कपडे शक्यतो नांदेडला जायचे आणि नांदेडचे लातूरला यायचे. व्यापाऱ्यांनी ती का पाडली होती कोण जाणे, पण धुरपताबाईंना ती फार पसंत होती.

त्या बोळाच्या तोंडाशी, एका साडीच्या दुकानाच्या पायरीलगत, पत्र्याच्या आडोशाखाली त्या मशीन टाकून बसत. पाटी नव्हती. लोक त्यांना बाहीवाली मावशी म्हणत. पँटला त्या हात लावत नसत, ब्लाऊज तर नाहीच. फक्त शर्ट, आणि शर्टाच्याही मुख्यतः बाह्या. वय साठीच्या आसपास, अंगानं बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. येणाऱ्याला, मग तो कोणी का असेना, "जयभीम" म्हणायच्या. काहीजण तितक्याच मोकळेपणानं परत म्हणत. काहीजण "हां हां" म्हणत आणि शर्ट पुढे करत. त्या दोघांचंही काम सारख्याच टाक्यात करायच्या.

माझे हात मुळात आखूड आहेत. कोणताही शर्ट घेतला तरी बाही अंगठ्यापर्यंत येते, म्हणून मी वर्षानुवर्षं मनगटावर दोन घड्या मारून हिंडत आलो. त्या बोळातून मी अधूनमधून शर्ट घ्यायचो आणि कॉलेजात तो 'एक्सपोर्टचा' आहे असं सांगायचो. पहिल्यांदा धुरपताबाईंपुढे उभा राहिलो तेव्हा त्यांनी हातातला नवा शर्ट पाहिलाच नाही, अंगावरचा पाहिला.

"दोन घड्या?"

"सवय आहे."

"घडी कापडात बसती, सर. मंग कितीबी धुवा, जात न्हाई. धरा ह्ये." असं म्हणून त्यांनी चहाचा रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

मला वाटलं, ठेवायला दिला. तर तसं नव्हतं. ही त्यांची माप घ्यायची पद्धत होती. गिऱ्हाइकानं चहा प्यायच्या बेतात हात वाकवून ग्लास धरायचा आणि मग त्या टेप लावणार. टेलर लोक हात खाली सोडायला सांगतात, ते त्यांना मान्य नव्हतं. "हात लोंबते सोडून कोण जगतंय? मढ्याचं माप घ्यायचं का मला?" त्या बोळात दिवसभर कोणी ना कोणी रिकामा ग्लास तोंडाजवळ धरून गंभीर चेहऱ्यानं उभा असे. अनोळखी माणसाला वाटावं, इथे काहीतरी शपथविधी चालू आहे.

बाही त्या कफाकडून कधीच कापत नसत. कफ उसवून वर घेतला की काम लवकर होतं, पण टाका दिसतो आणि मनगटाजवळची चीर तोकडी पडते. त्या खांद्याकडून घेत. जिथे बाही अंगाला जोडलेली असते त्याला त्यांच्या धंद्यात मुंढा म्हणतात. अख्खी बाही मुंढ्यापासून उसवायची, वरून कापायची, पुन्हा बसवायची. तिप्पट वेळ. पण बाही आखूड झाली हे शिवणाऱ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

इथवर मी समजू शकत होतो. पण बाही झाल्यावर त्या शर्टाची सगळी बटणं काढून टाकत. चांगली, धडधाकट बटणं. बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात टाकत आणि त्याच डब्यातून दुसऱ्याच शर्टाची सात बटणं निवडून लावत. वेळ असला तर कॉलर उसवून उलटी करत. खिशाचे कोपरे टोकदार असले तर गोल करत, गोल असले तर तिरपे. खिसा मात्र काढत नसत. "काढला की खाली न विटलेला चौकोन ऱ्हातो. त्यो बोंबलून सांगतो."

"काय सांगतो?"

"कुणाचा हुता त्ये."

हे सगळं त्या न सांगता करत. मी आपला हळूहळू विचारत गेलो, आणि एका दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी ते सांगितलं, तेही मशीनमध्ये तेल घालता घालता. त्यांचं माहेर देवणीकडचं. बाप एका मोठ्या शेतकऱ्याकडे कामाला. त्या घरातून एकदा धाकट्या भावाला शर्ट मिळाला. चांगला शर्ट होता. भाऊ तो घालून शाळेत गेला. वर्गात त्या घरातला मुलगा होता. तो वाईट नव्हता, हे धुरपताबाई मुद्दाम सांगत. त्यानं नुसतं म्हटलं, "ए, ह्यो माझा शर्ट. दुसऱ्या बटनाला लाल दोरा हाय बघा." सगळ्यांनी पाहिलं. होता.

"मंग?"

"मंग काय. भावानं शर्ट काढला, घडी केली, त्याच्या बाकावर ठिवला आन उघडाच घरी आला. सातवीला हुता. आठवीला गेलाच न्हाई." तेलाची बाटली बंद करत त्या म्हणाल्या, "आता पुन्यात वॉचमन हाय. कंपनीचा ड्रेस मिळतो. मापाचा."

देणाऱ्याला आपला शर्ट दुसऱ्याच्या अंगावर ओळखू येऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यासाठी कोणी जादा काही देत नव्हतं आणि बहुतेकांना कळतही नव्हतं. उलट काहीजण भांडत, की मावशी, चांगली बटणं काढून ही कसली लावली.

आता आबासाहेबांकडे यायला हवं. आबासाहेब आमच्या भागातले माजी सभापती. माजी झाल्यापासून त्यांचे फलक वाढले होते. त्यांनी एक सभागृह बांधून घेतलं आणि त्याच्या उद्घाटनाला वस्त्रदानाचा कार्यक्रम ठेवला. स्वतःचे, मुलांचे, पाहुण्यांचे मिळून साठ-सत्तर शर्ट गोळा झाले. ते गरजूंच्या मापाचे करून द्यायचं काम धुरपताबाईंकडे आलं. येणं भागच होतं, कारण ज्या दुकानाच्या पायरीलगत त्या बसत, ते आबासाहेबांच्या मेव्हण्याचं.

शर्टांबरोबर छापील कापडी पट्ट्याही आल्या. 'आबासाहेबांकडून सप्रेम भेट.' सोबत आलेला कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, प्रत्येक शर्टाला एक पट्टी लावायची. विसरू नका."

त्या विसरल्या नाहीत. प्रत्येक शर्टाला एक पट्टी लावली, आतल्या बाजूनं, शेपटाकडे, शर्ट खोचल्यावर जो भाग पँटीत जातो तिथे. मी पाहिलं आणि मला हसू आवरेना.

"लावा म्हनले, लावली," त्या म्हणाल्या. "कुठं लावायची ते कुठं सांगितलं?"

महिनाभर खपून त्यांनी साठ-सत्तर माणसांना ग्लास धरायला लावला. बाह्या मुंढ्याकडून घेतल्या. बटणं फिरवली, कॉलरी उलटल्या. त्या महिन्यात त्या जेवढ्या खुशीत होत्या तेवढ्या खुशीत मी त्यांना आधी किंवा नंतर पाहिलं नाही.

कार्यक्रमाला मी होतो. आमच्या कॉलेजनं आम्हाला खुर्च्या भरायला पाठवलं होतं. धुरपताबाई मागच्या भिंतीशी, माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. शर्ट आदल्या दिवशीच वाटून झाले होते, म्हणजे आज सगळे घालून येतील आणि फोटो चांगले निघतील. समोरच्या चार रांगांत ती माणसं बसली होती. बाह्या मनगटावर बरोबर. कोण गरजू आणि कोण पाहुणा, ओळखायची सोय नव्हती. आबासाहेब भाषण करत खाली उतरले, हातात माइक. आपला स्वतःचा शर्ट कोणाच्या तरी अंगावर दाखवायचा आणि दोन शब्द बोलायचे, असा बेत असावा. ते रांगेतून फिरले. पट्टी कुठे दिसेना. शर्ट कुठला ओळखू येईना. मागून धुरपताबाईंचा श्वास मला ऐकू येत होता.

मग आबासाहेबांना एक माणूस दिसला. कडेला उभा होता. पांढरट शर्ट, नीट धुतलेला, आणि बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. अख्ख्या सभागृहात मापात नसलेला एवढाच एक शर्ट होता. आबासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा बघा! हा शर्ट मी स्वतः अंगावर घातलेला आहे. लेकाच्या साखरपुड्यात."

त्या माणसानं खाली शर्टाकडे पाहिलं. "साहेब, ह्यो माझा हाय."

"हो रे बाबा," आबासाहेब मोठ्या मनानं हसले, "आता तुझाच!"

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर तो माणूस पुन्हा म्हणाला, आणि माइक त्याच्या तोंडाजवळच होता. "तसं न्हाई, साहेब. माझाच हाय. लग्नातला."

मग आबासाहेबांनी विचारू नये ते विचारलं. "मग बाह्या एवढ्या लांब कशा?"

"शिवतानाच लांब झाल्या, साहेब."

सभागृह हसलं. आबासाहेबांना हसलं, की त्याला, हे हसणाऱ्यांनाही ठरवायची गरज वाटली नाही. पंधरावीस मोबाईल वर होतेच.

त्याचं नाव उत्तम. किल्लारीकडचा गवंडी. त्या सभागृहाचा गिलावा त्यानंच केला होता. कामगारांचाही नारळ देऊन सत्कार आहे असं त्याला सांगितलेलं, म्हणून तो लग्नातला शर्ट घालून आला होता. सासुरवाडीनं नवरदेवाचा पोशाख शिवताना अंदाजानं मेव्हण्याच्या मापाचा शिवला, आणि आहेर कापू नये म्हणून त्यानं तो तसाच ठेवला. हे त्यानं नंतर सांगितलं. त्या दिवशी नारळ द्यायचा राहून गेला.

धुरपताबाई बाहेर पडताना एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांच्या बाह्या बसवल्या, सर. त्याच्यावर कशी नजर गेली न्हाई माझी?"

"त्यात तुमचा काय दोष? तो तुमच्याकडे आलाच नव्हता."

"मी येवढं चांगलं केलं नसतं तर त्यो दिसला नसता," त्या म्हणाल्या.

दोनेक आठवड्यांनी उत्तम त्यांच्याकडे आला. मी तेव्हा ग्लास धरून उभा होतो. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून तोच शर्ट काढला.

"मावशी, बटनं बदलून द्या. कॉलरबी उलटी करा. खिशाचं बी काय करता ते करा. वळखू येऊ नये असा करून द्या."

धुरपताबाईंनी शर्ट उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "तुजाच हाय की रं बाबा."

"ते तुम्हाला आन मला म्हाईत. मोबाईलवर फिरलं ना सगळीकडं. कामावर घालून गेलो तर म्हणत्यात, साहेबाला इचारून घातलास का. पोरीच्या शाळंत गेलो तर तिथला शिपाई म्हणला, आला आबासाहेबाचा शर्ट." हे सांगताना तो हसत होता. न हसता सांगण्यासारखं ते नव्हतं.

"बाह्या तरी आखूड करते. फुकट करते."

"बाह्याला हात लावू नका," तो पटकन म्हणाला. "लग्नाच्या फोटोत तशाच हायेत. बायको न्हाई म्हणती. बाकी सगळं बदला."

त्यांनी शर्ट ठेवून घेतला. सोमवारी ये म्हणाल्या. सोमवारी तो आला तेव्हा शर्ट तसाच खिळ्याला टांगलेला होता. पुढच्या सोमवारी ये म्हणाल्या. मधल्या दिवसांत मी जाता-येता पाहायचो. त्या शर्ट मांडीवर घ्यायच्या, पहिल्या बटणाखाली ब्लेड न्यायच्या आणि परत टांगायच्या. एकदा मी म्हटलं, "करून टाका. त्याला हवं आहे ना?"

"आजवर दुसऱ्याचा शर्ट ह्याचा केला, सर. ह्याचाच शर्ट दुसऱ्याचा कसा करू?"

दुसरा सोमवार उजाडायच्या आधी दुकानाच्या मालकानं, म्हणजे आबासाहेबांच्या मेव्हण्यानं, त्यांना उठवलं. पायरी रुंद करायची आहे, म्हणाला. त्याला दोनेक वर्षं झाली, पायरी अजून होती तेवढीच आहे. धुरपताबाईंनी मशीन आणि बटणांचा डबा टेम्पोत टाकला आणि लेकीकडे नांदेडला गेल्या. उत्तमचा शर्ट सोबत नेला, कारण इथे कोणाच्या हवाली करायचा हा प्रश्नच होता. जाताना मला म्हणाल्या, "सोमवारी तेवढं बोळात उभं ऱ्हावा. त्यो ईल. नांदेडचा पत्ता सांगा त्याला. तवर मी ठरवते काय करायचं त्ये."

त्या सोमवारी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. मी दिवसभर शिडीवर उभा राहून पुस्तकांवरची धूळ झटकत होतो. समिती ग्रंथालयात आलीच नाही. मी बोळात पोचलो तेव्हा बाजार उठला होता. शेजारचा चप्पलवाला म्हणाला, "एक जण आलता. उभा ऱ्हायला घंटाभर. मावशी शर्ट घिऊन गेली म्हणलो, तर हसला आन गेला."

नंतर मी त्याच्या गावी जाऊन आलो. घराला कुलूप होतं. हैदराबादकडे कुठल्याशा बांधकामावर बायकोपोरांसह गेलाय म्हणाले. जो नंबर मिळाला तो लागत नव्हता. गावात शिरताना, कोण पाहिजे म्हणून विचारणाऱ्याला मी 'उत्तम गवंडी' सांगितलं, तर त्याला कळेना. मग शेजारचा म्हणाला, "आरं, आबासाहेबाचा शर्ट!" मग कळलं.

परवाच्या उन्हाळ्यात ग्रंथपालांच्या एका शिबिराला नांदेडला गेलो होतो. जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, अलीकडे एका भिंतीला लागून धुरपताबाई बसलेल्या दिसल्या. आणखी बारीक झाल्या होत्या. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना आता दोरा होता. मागे खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत तो पांढरट शर्ट. बटणं तीच, बाह्या तेवढ्याच.

"जयभीम, मावशी."

त्यांनी मान वर केली. जयभीमही म्हणाल्या नाहीत. "आला का त्यो?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चाक फिरवायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लोक किंमत इचारत्यात त्याची. इकायचा न्हाई म्हणते. कुणाचा हाय म्हणत्यात. मी म्हणते, मालकाचा." मी गावी जाऊन आल्याचं सांगितलं. तो सोमवारी आला होता, तासभर उभा होता, हे सांगितलं नाही. मी कुठे होतो, तेही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. माझ्या मनगटावरच्या दोन घड्यांकडे पाहत होत्या.

मग उठून त्यांनी विकायला टांगलेल्या तयार शर्टांतून एक काढला. फिकट निळा. बटणं बदललेली, कॉलर उलटलेली, खिशाचे कोपरे तिरपे केलेले. "ह्यो घ्या. बाह्या आत्ता करून देते." मला ग्लास दिला. बाही मुंढ्यापासून उसवली, आणि ती उलटीसुलटी करताना कफाच्या वर कापडात बसलेल्या एका रेघेवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, पुन्हा बाहीकडे पाहिलं आणि हसल्या. भेटल्यापासून पहिल्यांदाच. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. कापड चांगलं हाय. तुम्हाला शोभतंय."

शर्ट खरंच अंगाला असा बसला की जणू माझ्यासाठीच बेतला होता. निघताना वळून पाहिलं. त्या प्लास्टिकच्या पिशवीवरची धूळ फडक्यानं पुसत होत्या. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा भिंतीशी मशीन नव्हतं, आणि लेकीचं घर कुठे हे कोणाला ठाऊक नव्हतं. तो शर्ट कोणाकडे आहे, तेही.

त्या उन्हाळ्यातल्या परतीच्या बसमध्ये मात्र मी भारावलो होतो. या बाईवर लिहायचं असं ठरवलं. 'देणारा आणि घेणारा यांच्यातला भेद मिटवणारे हात' असं एक वाक्यही अहमदपूर येईपर्यंत जुळवलं होतं.

घरी आलो. बायकोनं शर्टाकडे पाहिलं, पुढे येऊन खालची कड उलटी केली आणि बोट ठेवलं. तिथे इस्त्रीचा फिका तपकिरी डाग होता.

"हा डाग मीच पाडलाय," ती म्हणाली. "तुमचाच शर्ट आहे हा. गेल्या वर्षी पातेल्यावर दिला होता."

ते पातेलं अजून आमच्याकडे आहे. दूध त्यात लागतं.